रविवारच्या प्रोजेक्टसाठी जुनी स्पोर्ट्स कार घ्यायचीय? आधी आपले हात बघा

"छंदाचा पैसा आणि धंद्याचा पैसा" या व्हिडिओत मी एका लाल गाडीची गोष्ट दीड मिनिटात उरकली होती. त्यानंतर बऱ्याच जणांनी हिशोबाचं सोडून त्या गाडीचंच विचारलं. कुठली घ्यावी, कशी तपासावी, कागदपत्रांचं काय. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

आमच्या मेढ्याच्या बॅचला एक फॅब्रिकेशनवाला येतो. गेट, ग्रिल, गोठ्याचे शेड अशी कामं करतो. मार्च ते मे त्याला जेवायला सवड नसते, कारण जावळीत पाऊस सुरू व्हायच्या आत सगळ्यांना डोक्यावर पत्रा हवा असतो. असाच एका फेब्रुवारीत तो वर्ग सुटल्यावर थांबला आणि मोबाईल पुढे केला. फोटोत दोन सीटची, टप उघडणारी लाल गाडी. सॅन स्टॉर्म, गोव्यात उभी.

"सर, दोन ऐंशीला देतोय. रविवारी रविवारी काम करीन. दोन वर्षांत उभी करतो बघा."

मी विचारलं, पैसे कुठले? तर म्हणाला, करंट खात्यात पडलेत की. आता ते पैसे पडलेले नव्हते. ते मार्चच्या पाईपचे आणि पत्र्याचे होते, आणि दोन कारागिरांच्या पगाराचे होते. सीझनच्या तोंडावर माल रोखीने उचलला तर त्याला जो दर मिळतो, त्यावर त्याचा वर्षाचा नफा उभा आहे.

मी त्याला लगेच नाही म्हटलं नाही. म्हणणारा मी कोण? २०१३ मध्ये मी स्वतः हाच खड्डा खणला होता. मुंबईच्या बाजूने एक क्रीम रंगाची प्रीमियर पद्मिनी आणली. रंग असा की तोंड दिसावं. पहिल्या पावसात पाय ठेवायच्या जागी पाणी आलं. मॅट उचललं, तर खाली पत्रा नव्हताच. डांबर, त्याखाली फायबरचं कापड, त्याखाली मेढ्याची जमीन. अकरा महिने गाडी दारात ताडपत्रीखाली होती. शेवटी भंगारवाल्याने नेली. त्या वर्षी हॉलचं भाडं द्यायला मी बायकोच्या भिशीचे पैसे घेतले. ती काही बोलली नाही. ताडपत्री मात्र अजून जपून ठेवलीय, आणि घडी घालताना दरवेळी माझ्याकडे बघते.

तर सल्ला देतोय तो फी भरून आलेला आहे.

आपल्याकडे "स्पोर्ट्स कार" म्हणजे नक्की काय?

परवान्यांच्या काळात आपल्या देशात स्पोर्ट्स कार बनतच नव्हती म्हटलं तरी चालेल. ज्या बाहेरून आल्या, त्या एमजी आणि ट्रायम्फ, राजेरजवाड्यांकडे किंवा मुंबईच्या मोठ्या घरांत. त्यांच्या वाट्याला आपण जायचं कारण नाही. एका काचेसाठी इंग्लंडला पत्रव्यवहार करावा लागतो.

आपल्या आवाक्यातल्या म्हणाल तर थोड्याच. गोव्याच्या सॅन मोटर्सची स्टॉर्म ही खरी दोन सीटर. बॉडी फायबरची, इंजिन रेनोचं, साधारण ११५० सीसीचं. आपल्या अलिबागकडे चिंकारा रोडस्टर तयार झाली, तिला कॉन्टेसात यायचं तेच इसुझूचं १८०० सीसी इंजिन. दोन्ही दिसायला एक नंबर, पण मोजक्याच निघाल्या. मोजक्या निघाल्या म्हणजे पुढची काच फुटली की गोष्ट संपली.

मग येतात स्पोर्ट्स कारच्या भावकीतल्या. यात माझी आवडती स्टँडर्ड हेरल्ड. मद्रासला १९६१ पासून बनायची. तिचं मूळ रूप इटलीच्या मिकेलोट्टी या डिझायनरचं, आणि हेरल्डचीच चासी आखूड करून इंग्लंडमध्ये ट्रायम्फ स्पिटफायर ही गाजलेली स्पोर्ट्स कार केली. म्हणजे सख्खी बहीणच. हेरल्डचं अख्खं बॉनेट पुढच्या बाजूला, मडगार्डांसकट उघडतं. चाकावर बसून इंजिनचं काम करता येतं. बंगळूरची सिपानी डॉल्फिन दोन दारांची, फायबरची, ८४८ सीसीची. वजन इतकं कमी की त्या काळी रेसवाल्यांची ती लाडकी होती. आणि प्रीमियर ११८ एनई, अंग फियाट १२४ चं आणि इंजिन निसानचं.

राहता राहिली पद्मिनी. तिला स्पोर्ट्स कार म्हटलं तर पोरं हसतील, हसू देत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेली प्रीमियर कंपनी, कुर्ल्याचा कारखाना. १९६४ पासून फियाट ११०० डिलाईट, मग सत्तरच्या दशकात पद्मिनी हे नाव, आणि २००० च्या आसपास बंद. १०८९ सीसी, जेमतेम चाळीस हॉर्सपॉवर, गिअर स्टिअरिंगला. आपल्या जावळीतली निम्मी घरं मुंबईच्या मनिऑर्डरवर उभी राहिली. त्या मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच गाडी. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. इतकी वर्षं टॅक्सी म्हणून चालल्यामुळे तिचा पार्ट कुठेतरी सापडतोच, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला नाहीतर पुण्याच्या नाना पेठेत. लायनर-बोअरिंगचं काम कोल्हापूरच्या उद्यमनगरातला जुना टर्नर ऐकून घेतो. स्टॉर्मच्या दाराचं रबर मात्र तो ऐकून घेईल, देणार कुठून?

रविवार किती असतात?

वर्षाला बावन्न. जून ते सप्टेंबरचे सतरा काढा. मेढ्यात त्या दिवसांत रंग वाळत नाही, आणि घासून उघडा केलेला पत्रा रातोरात लाल होतो. उरले पस्तीस. लग्नं, जत्रा, दिवाळी, सासुरवाडी, एखादं मयत. दहा धरा. पंचवीस राहिले. एका रविवारी पाच तास खरं काम होतं, बाकी पाना शोधण्यात जातात. म्हणजे वर्षाला १२५ तास.

सगळी सुटी करून पुन्हा बांधायची असेल, तर माझ्या अंदाजाने एका माणसाला सहाशे तास कुठेच गेले नाहीत. म्हणजे पावणेपाच वर्षं. दोन वर्षांत उभी करतो म्हणणाऱ्याने हा हिशोब केलेला नसतो. मीही केला नव्हता.

पावसाळ्याचे रविवार अगदीच वाया जातात असं नाही. शेडमध्ये कार्बोरेटर, वायरिंग, डायनॅमो, सीट ही कामं होतात. पण पत्रा आणि रंग हिवाळ्यातच. आणि जागा मोजून घ्या. गाडी चार मीटरच्या आत असली तरी दारं उघडून चारी बाजूंनी वावरायला सहा बाय साडेतीन मीटर लागतात, छपराखाली आणि फरशीवर. धंद्याच्या शेडमधली तेवढी जागा अडली तर तीही किंमतच आहे, ती कागदावर मांडा.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं, की आज चालते अशीच गाडी घ्या. भले धूर काढत चालू दे. चालती गाडी एकेक अवयव काढून सुधारता येते, आणि मधे एखाद्या रविवारी कुडाळपर्यंत चक्कर मारता येते. त्या चकरेनेच पुढच्या महिन्याचा उत्साह टिकतो. पोत्यात भरलेली गाडी स्वस्त मिळते, कारण आधीच्या मालकाचा उत्साह त्याच पोत्यात संपलेला असतो.

आपले हात कशात चालतात?

हे व्हिडिओत सांगायचं राहिलं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. प्रत्येक जुन्या गाडीत काहीतरी काम उरलेलं असतंच. तर *जे काम आपल्या धंद्यात आपल्याला येतं तेच गाडीत उरलेलं असावं, आणि जे येत नाही ते झालेलं असावं.* मोटर रिवाइंडिंगवाल्याने वायरिंग जळालेली पण पत्रा धडधाकट असलेली गाडी शोधावी. कुशनवाल्याने सीट-टप फाटलेली. गॅरेजवाल्याने बसलेलं इंजिन खुशाल घ्यावं. बाजारात गाडीची किंमत तिच्या सगळ्यात मोठ्या दुखण्याने पडते. ते दुखणं तुमच्या हातचं असेल, तर स्वस्त मिळाली. नसेल, तर रविवार तुमचा आणि बिल दुसऱ्या मिस्त्रीचं.

आमचा फॅब्रिकेशनवाला पत्र्यात तयार. आणि बघत काय होता? फायबरची गाडी! तिचा पत्रा सडणार नाही हे खरं, पण त्याची कलाच तिथे कामाची नाही. शिवाय फायबरच्या खालची फ्रेम लोखंडीच असते, आणि ती गोव्याच्या खाऱ्या हवेत वीस वर्षं राहिलेली. वरून फायबर गुळगुळीत, आणि खाली काय चाललंय ते जॅक लावल्याशिवाय कळत नाही. हे बोलल्यावर तो पहिल्यांदा गप्प झाला.

पत्रा कसा बघायचा

इथे थोडा रेंगाळतो, कारण माझे पैसे इथेच गेले.

पद्मिनीला वेगळी चासी नसते. अंग हाच सांगाडा. दारांखालची आडवी पट्टी, फ्लोअर आणि मागचे पाटे जिथे अडकतात ती जागा, या तीन ठिकाणी गाडीचा जीव असतो. हेरल्ड आणि जीप यांना खाली वेगळी चासी असते, वरची बॉडी बोल्टवर बसते. त्यामुळे वरचा पत्रा सडला तरी चासी शाबूत असेल तर निभावतं. चासी सडली तर वरून कितीही देखणी असू दे, हात जोडा.

खिशात दारावरच्या गणपतीचं लोहचुंबक ठेवा. पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. जिथे पकडत नाही, तिथे पुट्टी आहे. मडगार्डवर थोडी पुट्टी असणारच, तेवढं चालतं. पण दाराखालच्या पट्टीवर पुट्टी म्हणजे भोक झाकलंय. मग मॅट उचला. विकणारा "कशाला, चिकटवलंय" म्हणाला तर नक्की उचला. डांबराचा ताजा थर दिसला तर स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याने ठोका. टणक आवाज आला तर पत्रा, थप्प आवाज आला तर माझी क्रीम पद्मिनी.

मग जॅक लावा आणि दार उघडून बंद करून बघा. जॅकवर असताना दार अडकायला लागलं तर गाडी मधून वाकतेय. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, फुकट आहे, आणि मी ती केली नव्हती.

एक सूचना खास वेल्डिंगवाल्यांना. गेटचा रॉड इथे चालत नाही. गाडीचा पत्रा मिलिमीटरच्या आसपासचा, आर्कने भोक पडतं. मिगवर, थांबत थांबत, एका जागी टाका मारून दुसरीकडे. आणि पेट्रोलची टाकी गाडीतून काढून लांब ठेवल्याशिवाय मागच्या फ्लोअरला हात लावायचा नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, कारण आत वाफ असते. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरायचं नाही, लोखंडी घोड्या करून घ्या. तुम्ही तर फॅब्रिकेशनवाले, चार घोड्या स्वतःच कराल.

इंजिनचं थोडक्यात. थंड असताना चालू करायला लावा, आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन बघू नका. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. ऑईलच्या झाकणाखाली दुधाच्या चहासारखा रंग म्हणजे पाणी मिसळतंय. चाळीस मिनिटं फिरवा, टेंपरेचर बघा. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे असतात, केळघर घाट उतरताना ते तापून पकड सोडतात. गाडी खालच्या गिअरमध्येच उतरवायची, हे पहिल्या दिवसापासून अंगी लावा. आणि पेट्रोलचे सगळे रबरी पाईप बदला. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल वीस टक्क्यांपर्यंत आहे, जुनं रबर त्याने मऊ पडून गळतं, आणि गळतं ते गरम इंजिनवर.

कागद

गाडीआधी आरसी बघा. इंजिन नंबर, चासी नंबर प्रत्यक्ष पुसून, वाचून जुळवा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी फिटनेस तपासून नूतनीकरण. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारला ही फी १०,००० रुपये झालीय, पर्यावरण कर वेगळा. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, नावावर करायला २९ आणि ३०. कर्जाचा बोजा आरसीवर असेल तर फॉर्म ३५, आणि बँकेचं पत्र विकणाऱ्यानेच आणायचं. मूळ मालक वारला असेल तर वारसांच्या सह्या होईपर्यंत इसाराच्या पुढे एक रुपया देऊ नका. टॅक्सीची असेल तर परमिट रद्द होऊन ती खाजगी झालीय का, आणि सीएनजीची नोंद असेल तर टाकी खरंच आहे का, तेही बघा.

पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला २०२१ च्या नियमाने विंटेज नोंदणी मिळते. नंबरमध्ये "व्हीए" ही अक्षरं येतात, फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं इतपतच. महाबळेश्वरला दर रविवारी भजी खायला जायचं असेल तर साधी नोंदणीच चालू ठेवा.

आणि टप कापून स्पोर्ट्स कार करायची कल्पना मनातून काढा. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल चालणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलंय. शिवाय पद्मिनीचं अंग हाच सांगाडा हे वर वाचलंतच. छप्पर कापलंत तर गाडी मधून केळ्यासारखी वाकेल.

पैशाचं काय ठरलं

त्याला मी एवढंच सांगितलं की करंट खात्याला हात लावायचा नाही. शेजारच्या बँकेत वेगळं बचत खातं काढ. ग्राईंडरची कापलेली तुकडे-पट्टी, भंगार विकून जे येतं ते आणि महिन्याला पाच हजार, एवढंच त्यात टाकायचं. गाडी त्या खात्यातून घ्यायची, आणि घेताना जेवढ्याला घेतली जवळपास तेवढेच आणखी त्यात शिल्लक असले पाहिजेत. नसतील तर घ्यायची नाही. तोंड पाडून गेला. मला वाटलं, आता हा वर्ग सोडतोय.

सोडला नाही. सव्वादोन वर्षं त्या खात्यात पैसे टाकत राहिला. मधल्या काळात हात शिवशिवतात म्हणून एक बंद पडलेली प्रिया स्कूटर आणली, चार हजाराला. आपल्या साताऱ्यातच महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात बनलेली. गाडीचं काम शिकायला याहून स्वस्त शाळा नाही. चुकलं तरी किती चुकणार? ज्यांना खात्री नसेल त्यांनी खरोखर इथून सुरू करा. आमच्या गड्याला कार्बोरेटर, पॉईंट, क्लचची केबल सगळं तिच्यावर कळलं.

मग १९९६ ची पद्मिनी मिळाली. एका निवृत्त मास्तरांची. इंजिन तीन वर्षांपूर्वी केलेलं, बिलं फाईलमध्ये लावलेली. मागचा फ्लोअर आणि डाव्या दाराखालची पट्टी सडलेली. त्या पट्टीपायी दोन गिऱ्हाईकं आधीच परत गेली होती, म्हणून भाव उतरला होता. हा मात्र खाली झोपून बघत होता आणि हसत होता. एक लाख पस्तीसला ठरली. खात्यात तोवर पावणेतीन लाखाच्या वर साठले होते. गाडी टेम्पोवर घालून आणली, कारण पहिल्याच दिवशी तिला खंबाटकीची परीक्षा कशाला?

घोड्या त्याने स्वतः बनवल्या, चार नाही, सहा. पट्टी झाली, फ्लोअर झाला. रंग अजून नाही, या दिवाळीनंतर. डाव्या मागच्या काचेचं हँडल मिळत नव्हतं, ते शेवटी कुर्ल्याच्या एका दुकानात मिळालं. दुकानदाराने एकच हवं म्हटल्यावर जोडी घ्यायला लावली.

लाल सॅन स्टॉर्मचा फोटो त्याच्या मोबाईलच्या स्क्रीनवर अजून आहे. मी विचारलं नाही. मार्चचा माल मात्र तीनही वर्षं रोखीने उचललाय, तेवढं विचारलं होतं.

गाडी बघायला शेडवर यायचं असेल तर रविवारी दुपारी चारनंतर या. सकाळी तो पत्रा कापत असतो आणि फोन उचलत नाही.